झाकण

स्विंडनचं पाणी जड.
किटलीच्या तळाला पांढरं किटण चढतं,
ते काढायलाही लिंबूच लागतं:
अर्धं पिळून, सालासकट उकळून, रात्रभर तसंच.
सकाळी किटली लख्ख
आणि घरभर लिंबाचा वास,
असं अच्युत म्हणाला.
मला नाही आला.

फेब्रुवारीतल्या तापानंतर नाक माझं
नुसतं चष्मा टेकायला उरलं होतं.
नोकरी चष्म्याच्या दुकानात,
तेव्हा हा विनोद मी आठ-दहा गिऱ्हाइकांना ऐकवला.
फोडणी जळाली की भिंतीवरचा भोंगा सांगायचा,
दूध नासलं की जीभ.
आल्याचा चहा म्हणजे गरम, गोड, कपभर. बस.

डॉक्टरीण म्हणाली, एक वास धरा
आणि रोज त्याच्या दाराशी जाऊन बसा.
मी लिंबू धरलं.

दुकानात पिवळे खोके, खोक्यावर रसरशीत फोड.
मागचे बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदाच:
सफरचंदाचे तुकडे, जास्वंदीच्या पाकळ्या
(जास्वंद! गणपतीला वाहायची ती, इथे उकळत्या पाण्यात),
आणि लिंबू सगळ्यात शेवटी, 'स्वादापुरतं'.
ठेवला परत.

मँचेस्टर रोडवरून गवती चहाची जुडी आणली,
रबरबँड लावलेली, टोकं करपलेली.
तो उकळ्या सोसतो. ठेचून, गाठ मारून, दहा मिनिटं.
व्हर्बिनाची सुकी पानं कागदासारखी वाजतात,
त्यांना वरून पाणी, पाच मिनिटं पुरे.
साल किसताना फक्त पिवळं घ्यायचं,
पांढऱ्याला हात लागला की कप कडू.
रोज संध्याकाळी तीन कप खिडकीत.
अच्युत माझ्या वतीने हुंगायचा.
"हा उन्हात टाकलेल्या चटईसारखा.
हा... भांड्यांचा साबण. पण महागातला."

मी वाट बघत होते ती गवती चहाची.
येईल तर तोच येईल, घरचाच तो,
न विचारता आत शिरणारा.
सहा महिने वाफ घेतली त्याची.
हिरवट गरम पाणी.
खरं सांगते, थोडा रागच आला.

मग कुंपणावरून डोरीन पोकॉकने
मार्जरिनच्या डब्यात एक रोप दिलं.
पुदिन्याचा चुलतभाऊ वाटावा, अंगभर लव,
चेहरा अगदी सामान्य.
इथे याला लेमन बाम म्हणतात.
"कुंडीतच ठेव हं. जमिनीत लावलंस
तर अख्खं घर घेईल."
तुमच्या भाषेत काय म्हणतात, तिने विचारलं.
म्हटलं, काहीच नाही. आमच्याकडे नसतंच हे.
"बिचारं," डोरीन म्हणाली
आणि त्याच्या पानावरची माती पुसली.

तिने सांगितलं तसं:
किटलीचा आरडाओरडा थांबू द्यायचा,
पानं मूठभर, हाताने फाडून,
आणि वर बशी. बशी विसरायची नाही.
वास वाफेबरोबर पळतो,
मग आपण पितो ते कोमट गवत.

मंगळवार होता. सप्टेंबर. कडा उडालेली बशी.
सात मिनिटांनी उचलली,
तिच्या पोटाला थेंब लोंबत होते.
आणि शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी,
शब्द कळू नये, आवाज मात्र ओळखीचा,
तसं काहीतरी ओलं, हिरवं,
सुईत ओवता येईल एवढं बारीक,
आलं.
गेलं.

बशी पटकन परत ठेवली,
टोपलीखाली पिलू झाकावं तशी.
श्वास सोडला. पुन्हा उचलली.
होतं.

अच्युतला लगेच नाही बोलावलं.
मध घातला नाही, आलं किसलं नाही,
ते सगळं उद्या, कोमट झाल्यावर, चमचाभर.
आज कप तसाच धरून
उभी राहिले ओट्याशी,
चष्म्यावर वाफ धरेपर्यंत.

शनिवारी रोप कुंडीतून काढलं
आणि मागच्या दारी, कुंपणालगत,
जमिनीत लावलं.
घेऊ दे अख्खं घर.