दुभाष्याने काही वाढवू नये

लाहतीच्या कचेरीत हीटरपाशी दोन खुर्च्या आहेत.
तिसरी माझी, जरा मागे सरकवलेली.
नियम असा, की दुभाष्याने काही वाढवू नये,
काही गाळू नये,
कुणाची बाजू घेतल्यासारखं खोकूसुद्धा नये.
जॉर्जियन आत, फिनिश बाहेर.
नळाला तहान नसते.

आज नेस्तान. कुताइसीची, वय अडतीस.
नवरा वेइक्को बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो,
त्याच्या नखांतलं काळं
लग्नाच्या फोटोतही तसंच आहे. फोटो फाइलला टाचलाय.
तिला आता कायमचं कार्ड हवंय,
ज्याच्यावर 'कारण : विवाह' असं छापलेलं नसतं.

तुम्ही पुढेही एकत्र राहणार का, बाई विचारतात.
म्हणजे तसं विचारत नाहीत,
फिनिशमध्ये भविष्यकाळच नाही.
तुम्ही एकत्र राहता? एवढंच.
आज की उद्या, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.
आमच्या भाषेत मात्र निवडावं लागतं.
मी निवडलं : राहाल?
"राहू," नेस्तान म्हणाली, "जाणार कुठे आता?"
ते मी उचलून वर्तमानात आणून ठेवलं.
तिथे ते थोडं आखूड झालं.

पलंगाची कुठली बाजू. खिडकीकडची.
सासूचा नामदिन. ऑगस्टात, तारीख चुकली.
घराची दुसरी किल्ली कुठे असते.
सकाळी तुम्ही काय पिता?
"चहा."
बाईंचं पेन थांबलं.
शेजारच्या खोलीत तासापूर्वी नवरा म्हणाला होता
कॉफी. रोज. मीच करून ठेवतो थर्मासमध्ये,
पाचच्या पाळीला निघण्याआधी.

नेस्तान हसली, मग हसणं आवरलं.
"तो गेला की मी ती ओतून देते मोरीत.
चार वर्षं झाली. पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं,
आणि मग उशीर झाला.
हे लिहू नका हं. त्याला कळेल."

हे लिहू नका हं, त्याला कळेल,
मी भाषांतर केलं.
बाईंनी लिहून घेतलं. अवतरणचिन्हांसकट.

माझ्या वेळी छत्तीस प्रश्न होते.
किर्सी आणि मी आठवडाभर ओट्यापाशी उजळणी केली.
टूथब्रशचा रंग, मावशीचं माहेरचं आडनाव,
मला कशाची शिंक येते.
छत्तीसच्या छत्तीस जुळले.
त्यात खोटं काही नव्हतं, हेही सांगून ठेवतो.
कार्ड आलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात
ती रोवानिएमीला गेली, कुत्रा घेऊन.
टूथब्रश हिरवा होता.
अजून पाठ आहे.

दोन तास, अधिक प्रवासखर्च. पावतीवर सही करून
खाली उतरलो तर ती दोघं थांब्यावर.
ओळख दाखवायची नाही, हाही नियमच.
चार वाजता अंधार, आणि उणे चौदा.
त्याने पिशवीतून थर्मास काढला,
झाकणात ओतलं, वाफ फुंकली,
आधी तिच्या हातात दिलं.
तिने झाकण दोन्ही हातमोज्यांत धरलं,
ओठांना लावलं,
आणि तो सात नंबरच्या वेळा वाचायला वळला तेव्हा
हळूच बाजूच्या बर्फात ओतलं.
बर्फाला तपकिरी भोक पडलं,
अगदी छोटं,
वरून पडणाऱ्याने ते भरतही आणलं लगेच.

मी पाहिलं.
मला कुणी विचारलं नव्हतं.