प्रत

आषाढात पाठवलेली कथा
तुळशीच्या लग्नानंतर परत आली.
पाकीट माझंच, पत्ता माझ्याच अक्षरात,
फोंड्याच्या पोस्टाने वर काळा गोल तेवढा मारलेला,
जसा मी पोत्यांवर मारते.

संस्थेच्या गोदामात मी सुपारी बघते.
अठरा वर्षं झाली.
पोतं आलं की हात कोपरापर्यंत आत घालायचा,
तळातली मूठ काढायची
(वरची सुपारी सगळ्यांचीच चांगली असते),
अडकित्त्यात धरायची. कट्‌.
पांढऱ्यावर तांबड्या रेघा नीट फुटल्या असतील तर पहिली,
आत काळं, पोकळ असेल तर खोका.
नुसत्या आवाजावरूनही कळतं.
हे पुरसोने शिकवलं. त्याला आता ऐकू येत नाही.

संपादकांचं पत्र सहा ओळींचं.
भाषा ओघवती आहे, वातावरण बरं उतरलंय,
पण गोवा कुठे दिसत नाही.
थोडा समुद्र आणता आला तर पाहावं.

सावईवेऱ्यात समुद्र नाही हो.
कुळागर आहे, पाट आहेत,
पोफळींखाली भर दुपारी दिवा लावावासा वाटतो,
आणि माझ्या कथेतला माणूस
भावाच्या वाटणीचं पाणी रात्री आपल्या झाडांकडे वळवतो.
त्याला समुद्र कशाला?

तीन दिवस मी हे सगळ्यांना सांगितलं.
बसमध्ये, म्हार्दोळ येईपर्यंत.
नवऱ्याला, बांगडे साफ करताना.
तो म्हणाला, मग घाल की थोडा.
रागाचं एक बरं असतं,
कथा पुन्हा वाचावी लागत नाही.

चौथ्या दिवशी केरीहून शेवंती गावडे आली,
अर्धं पोतं घेऊन.
मी मूठ काढली, कापली. खोका.
दुसरी कापली. खोका.
ती म्हणाली, गुदस्ता ह्याच झाडांची पहिली लागली होती.
मी म्हटलं, गुदस्ता.
भांडली नाही.
माझ्या हातातला अडकित्ता घेतला, खाली बसली,
आणि एकेक कापत राहिली, पंचवीस, तीस,
प्रत्येक फाक उजेडाकडे धरून.
मला दाखवायला नव्हे.
मग उठताना म्हणाली, मुळांत उदक रावलां,
आणि पावती न वाचता पदराला बांधून गेली.

रात्री भांडी आवरून कथा घेतली.
पहिलं पान सोडून दिलं.
पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं.
कोपरापर्यंत हात. पान अकरा.
तो पाटाशी उभा आहे, हातात कुदळ,
आणि तिथे मी लिहिलंय:
त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं.
कट्‌.
कसलं काहूर? पाय गारठले असतील त्याचे,
बेडकाने उडी मारली असेल आणि हा दचकला असेल.
पान चौदा. भावजय त्याला माफ करते.
का करते?
मला झोप आली होती, शेवट हवा होता म्हणून.

संपादक चुकले होते.
कथाही चुकली होती.
एकाच पाकिटात दोन्ही मावलं होतं.

सोळातली अडीच पानं उरली:
म्हातारी आई पाटात हात धुते
आणि पाणी कोणाच्या वाटणीचं ते विचारत नाही.
हे कधी लिहिलं आठवत नाही.
वाजवून पाहिलं. भरीव वाटलं.
की इतका खोका कापल्यावर
काहीतरी भरीव लागणारच होतं मला?

घरच्या सुपारीला आपण प्रत लावायची नाही,
गोदामाचा नियम आहे.
आमची पोती पुरसोच कापायचा,
माझ्या तोंडाकडे न बघता.

रविवारी ही अडीच पानं घेऊन त्याच्याकडे जाईन.
वाचायला त्याला येत नाही.
मलाच वाचावं लागेल, त्याच्या कानाशी, ओरडून,
दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं.