फॉर्मवरची चौथी चौकट

पहिल्याच दिवशी प्यो साहेबांनी फळ्यावर लिहिलं
आणि लगेच पुसलं: सुंदर.
पुरुषांसाठी हा शब्द आपल्याकडे नाही.
म्हणायचं ताजातवाना. म्हणायचं देखभाल,
गाडीची करतात तशी, दर दहा हजार किलोमीटरला.
गुलाबी बाद. करडा चालेल, गडद निळा चालेल,
फोटोत मनगटी घड्याळ हवं, आरसा नको.
आणि भीती घालायची, पण बोटाच्या पेराएवढीच:
तुम्ही दमलेले नाही. मग दिसता का तसे?
ही ओळ माझी. हिच्या जिवावर
सोम्यनच्या त्या गल्लीत आमचे तीन मजले उभे आहेत.

बुसानचे पुरुष आमच्याकडे तळघरातून येतात.
पार्किंगमधून थेट वर येणारी लिफ्ट आहे, तिला आरसा नाही,
ती सूचनाही माझीच.
छुसोकच्या सुट्टीत गर्दी उसळते.
सूज उतरायला तेवढे दिवस पुरतात,
आणि गावी न जायला निमित्त मिळतं.
फॉर्मवर चार चौकटी: नोकरी. लग्न.
बायकोने सांगितलं. इतर.
इतरवर सहसा कोणी खूण करत नाही.

मेंग दोक्सू यांनी केली.
वय एकसष्ट, तीस वर्षं जहाजांच्या पोटात वेल्डिंग,
डोळ्यांखाली दोन पिशव्या,
कोणीतरी बाजारातून भरून आणून विसरून गेल्यासारख्या.
इतर म्हणजे काय, तेवढं लिहा, मी पेन पुढे केलं.
त्यांनी लिहिलं नाही. टेबलाकडे बघत बोलले:
रोज दाढी करताना बाप येतो.
मरून एकवीस वर्षं झाली.
ह्याच पिशव्या, हीच हनुवटी.
मी वस्तरा धरतो आणि तो बघतो,
काल कुठे उलथला होतास, असा.
त्याला काढा.

मी खाली मान घालून लिहिलं: खालच्या पापण्या, दोन्ही बाजू.
किंमत सांगितली. घासाघीस झाली नाही.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी ते वाक्य सांगून बसले.
प्यो साहेब खुर्चीतून उठलेच.
आठवड्यात बसथांब्यांवर, करड्यावर पांढरी अक्षरं:
आरशात कोण आहे? तुम्ही, की वडील?
फोन खाली ठेवायला उसंत मिळेना.
बँकेतले, शाळेतले, एक तर मठाचा हिशेबनीस,
सगळे आवाज खाली आणून विचारत:
ते... वडिलांचं... किती घेता?
मला बोनस मिळाला.
त्यातून मी माझ्या बाबांना कानाचं मशीन घेतलं.

टाके निघून महिना झाल्यावर मेंग तपासणीला आले.
काम झकास झालं होतं. पिशव्या नव्हत्या,
पंधराएक वर्षंही नव्हती.
मी हसले, आमच्याकडे शिकवतात तशी.
ते म्हणाले, म्हातारा गेला, हे खरं.
पण तो शेवटी शेवटी बरा झाला होता हो.
माशाचे काटे काढून माझ्या ताटलीत ठेवायचा,
न बोलता.
आता येतो तो पंचेचाळिशीतला.
कमरेचा पट्टा सोडत येतो.
तुम्ही त्याला तरुण केलंत.

समाधान, दहापैकी किती, हे विचारावंच लागतं.
विचारलं.
सात, म्हणाले, जरा थांबून,
माझी नोकरी जाऊ नये एवढा हिशेब करून.

उठता उठता त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.
ठिणग्यांचे जुने डाग, फुगलेले सांधे,
एक करंगळी वाकडी.
ह्यांचं काही करता का?
मी दरपत्रक उघडलं, शेवटच्या पानापर्यंत गेले.
नाक होतं, जबडा होता, केस, घाम, घोरणंसुद्धा.
माझा मुलगा ह्यांच्याकडे बघतो, ते म्हणाले,
चेहऱ्याकडे नाही.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं.
तळघराचं बटण मीच दाबलं,
त्यांचे हात तोवर खिशात गेले होते.