बाविसावा दगड

उश्गुलीहून लेंतेखीकडे जाताना
आधी खिंड लागते,
मग उतार,
मग मेवलुद.

खिंडीपर्यंतचं काय सांगू.
सगळ्यात हलका गिअर संपला की
त्याहून हलका एक उरतो : उतरून ढकलणं.
तो मी पुष्कळ वापरला.
दुरून डोंगर साजरे म्हणतात;
जवळूनही असतील,
मला मान वर करायला फुरसत नव्हती.

माथ्यावर पाटी नव्हती. एक घोडा होता,
पुढचे पाय सैल दोरीने जखडलेला.
त्याने हँडलवरचं माझ्या घामाचं मीठ
सावकाश, शेवटपर्यंत चाटलं.
चला, मी म्हटलं,
पोचल्याची नोंद झाली.

उतारावर ब्रेकच्या रबराचा करपट वास.
रस्ता म्हणजे ओढ्याने वापरून टाकून दिलेली वाट.
बोटं आखडली, दात वाजले,
एक पाण्याची बाटली दरीला दिली.
आणि मग कुठल्याशा वळणानंतर
आवाजच नाही.
कापलेलं गवत, त्याचे बुटके ढीग,
सहा धुराडी, त्यातलं एक जितं,
एका गाईची घंटा
आणि ती थांबल्यावरचं
तिचं थांबणं.

एकविसाव्या दगडानंतर मात्र
उतारातच एक चढ निघाला.
मी त्याला मनापासून शिव्या दिल्या.
चढ संपता संपता बाविसावा दगड,
चुना ताजा, आकडा हाताने काढलेला,
शेजारी उलट्या खोक्यावर म्हातारा,
मांडीवर वही.

'किती?' त्याने माझ्या मीटरकडे बोट केलं.
नात ख्वारम्झे, बारा वर्षांची,
शाळेतलं इंग्रजी जपून खर्च करत म्हणाली,
'आजोबा विचारतात, मागच्या दगडापासून किती?'
मी दगड मोजतच उतरत होते,
चढाला वैतागून आकडा लक्षात ठेवला होता.
एक पूर्णांक सात, म्हटलं.
मेवलुदने मांडीवर थाप मारली
आणि घराकडे बघून ओरडला.
भांडं आपटल्याचं उत्तर आलं.

नदीने खालचं वळण नेलं त्या वर्षी
तो रस्त्याच्या टोळीत होता.
डोंगर पोखरून वरून नवी वाट काढली.
दगड मागाहून हलवू, साहेब म्हणाले,
ट्रक येईल.
ट्रक आला नाही.
मग ट्रक पाठवणारा देशच राहिला नाही.
तेव्हापासून इथला एक किलोमीटर
सतराशे मीटरचा आहे
आणि बायकोसुद्धा मान्य करत नाही.
मोटारवाल्यांना कळत नाही,
त्यांच्या पायाला काय त्याचं.

वहीत सगळे होते :
डच माणूस, १.६८.
पोलंडच्या दोघी बहिणी, १.७१, आपसात भांडण.
जपानी आजोबा, मीटर नाही,
पण म्हणाले, लांब आहे.
माझं नाव त्याने विचारलं नाही.
लिहिलं : बाई, एकटी, १.७०, वारा समोरून.

रात्री बटाटे, खारट चीज
आणि द्राक्षाच्या चोथ्याची दारू.
तिला तिकडे चाचा म्हणतात,
आणि ती खरोखर वडीलधाऱ्यासारखी
खांदे दाबून खाली बसवते.
सरकारने एका किलोमीटरचे पैसे दिले,
मेवलुद म्हणाला, वरचे सातशे माझे.
ख्वारम्झेने भाषांतर केलं,
मग स्वतःचं जोडलं :
'शाळेला जाताना ते मलाच चालावे लागतात.'

सकाळी निघाले.
त्याचा कुत्रा तेविसाव्या दगडापर्यंत आला
आणि हद्द ठाऊक असल्यासारखा वळला.
मीटर बघितला :
एक. बरोबर एक.

थोडा कमी पडला.