तारीख तीच, वार वेगळा

सहा चाळीसला बातम्या संपतात, हवामान संपतं,
मग एसिल्फीमामा एकदा खोकतो, माइक बंद ठेवून,
आणि बुटांच्या खोक्यातून बारा नोव्हेंबरचं कार्ड काढतो.
"आजच्या दिवशी," तो म्हणतो,
आणि सगळं सेकोंडी दात घासता घासता थांबतं.
निदान त्याला तसं वाटतं. आम्ही वाटू देतो.

एकसष्ट साली हा रविवार होता.
पाम कोर्टच्या अंगणात गाणं मध्यावर आलेलं
आणि बंदरातून लाकूड नेणाऱ्या जहाजाने भोंगा दिला,
लांबलचक, भसाडा, अगदी नको त्या जागी.
गाणारा गप्प. ढोलवाल्याचे हात हवेत.
क्वेसी ओटूने तेवढं ट्रंपेट ओठांना लावलं
आणि भोंग्याला त्याच्याच पट्टीत उत्तर दिलं,
चारच मात्रा,
जशी अंधारात दाराबाहेरून कुणी हाक मारावी
आणि आतून कुणी म्हणावं, आहे, आहे, उघडते.
लोकांनी तेवढाच तुकडा पुन्हा मागितला. सात वेळा.
जहाज तोवर क्षितिजाला लागलं होतं.

कार्डावर हे सगळं दीड ओळीत आहे.

इथे मूल ज्या वारी जन्मतं, तो वार त्याला नाव देतो.
रविवारचा क्वेसी. मंगळवारची मी, अराबा.
म्हणून तारखांशी माझं मामासारखं जमत नाही.
तारीख हट्टाने जागेवर बसून राहते,
वार तिच्या खालून सरकत जातात, भाडेकरूंसारखे.
गाण्यालाही वार विचारायला हवा, मी म्हणते.
मामा म्हणतो, तू आवाजाची कळ सांभाळ.

चौऱ्याहत्तर. मंगळवार. माझा वार, पण मी अजून यायची होते.
अक्राहून लॉरीने बाराशे तबकड्या आल्या,
सगळ्यांची लेबलं उलटी चिकटलेली.
नाचाचं म्हणून लावावं, तर निघे मयताचं गाणं.
दुकानदार दाद्झी कपाळाला हात लावून बसला.
शनिवार उजाडला तेव्हा एकही उरली नव्हती.
आमच्याकडे मयत शनिवारी, आणि मयताला नाच.
नक्की चुकलं काय, हे दाद्झीला शेवटपर्यंत कळलं नाही.

ब्याऐंशीचं मामा भरभर वाचतो.
संचारबंदी. शुक्रवार. नाच दुपारी दोन ते पाच.
वर्षानुवर्षं कंदिलाच्या उजेडात एकमेकांना धरून फिरलेली माणसं
उन्हात पहिल्यांदा दिसली एकमेकांना:
उसवलेली कॉलर, नखांतलं ग्रीस,
गळ्याची वर आलेली हाडं.
कोफी एशुनने साडेचारलाच आपला अँप्लिफायर विकला,
हॅम्बुर्गच्या तिकिटासाठी.
शेवटचं गाणं बासशिवाय झालं,
लोक पायांनीच तो खालचा सूर भरत राहिले.
कार्ड म्हणतं: शहरातला पहिला दुपारचा नाच.
मामा तिथे होता. कुणाबरोबर, ते कार्ड सांगत नाही,
आणि मामा पान उलटल्यासारखं करतो,
कार्डाला पान नसतं तरी.

मग दोन हजार तीन.
कोजोक्रोमच्या एका पोराने भावाच्या कॉम्प्युटरवर
कुठल्याशा जुन्या कॅसेटमधून चार मात्रा कापल्या.
कुणाच्या, ते त्याला ठाऊक नव्हतं; विचारायचं कुणाला तेही नाही.
त्या दिवशी गाणं आमच्याच स्टेशनवरून पहिल्यांदा वाजलं,
आठवड्यात वडापच्या प्रत्येक गाडीत.
इथे कार्ड संपतं.

एसी ओटू लॉरीतळावर मासे तळत होती.
गाडी थांबली, दार सरकलं,
आणि आतून तिचा नवरा म्हणाला, आहे, आहे.
ती गाडीकडे वळली नाही.
वळली ती बंदराकडे, झारा हातात तसाच.
मला हे तिने स्वतः सांगितलं, रडत नव्हे,
बोटांवर मोजत: चौदा मासे करपले, मोठे,
आणि त्यांचे पैसे आता कुणाकडे मागू?

मामा चहाला गेलाय.
मी कार्ड उलटं करते, पेन्सिलला थुंकी लावते:
बुधवार. चौदा मासे. येणे बाकी.
मग कळ वर सरकवते.
साबणाची जाहिरात.