पालथा नान

टेबलावर निळं फडकं टाकते.
सुरकुत्या मुद्दाम तशाच ठेवते.
वर निकेलची किटली, शाळेच्या स्वयंपाकघरातून
तासाभराच्या बोलीवर आणलेली,
दोन सफरचंदं (एक खालून नासकं),
आणि कालचा गोल नान.
नान पालथा घालते.
त्याच्या बुडाचा करपट तपकिरी
मला त्या निळ्याशेजारी हवा असतो.

फळ्यावर शब्द लिहिते, रशियनमधला,
त्यांच्याकडेही कुठून तरी उसना आलेला : नात्यूरमोर्त.
म्हणजे मेलेला निसर्ग.
"कोण मेलं?" बेक्तेमिर विचारतो.
कुणी नाही रे. नुसत्या बसून असलेल्या वस्तूंना म्हणतात तसं.
"मग आमचे आजोबापण."

बाहेर उणे अठरा. नारीन नदीवर काठाकाठाने बर्फ.
शेगडीजवळच्या बाकांवर टोप्या उतरल्यात,
खिडकीजवळच्या अजून नाही.
एक डोळा मिटा, सांगते. हात ताठ. पेन्सिल उभी.
किटलीच्या उंचीत सफरचंद किती वेळा बसतं, मोजा.
माहीत आहे ते काढू नका,
दिसतं ते काढा.

उमुत दिसतं ते काढतो :
त्याच्या जागेवरून किटलीला कान नाही.
जीपारा त्याला हसते
आणि आपल्या किटलीला दोन लावते.

ऐचुरेकचा कागद कोरा.
ती उठते, टेबलापाशी येते,
नान दोन्ही हातांनी उचलून सुलटा करते,
बोटं कपाळाला लावते,
जाऊन बसते.
"पालथा ठेवत नाहीत, एजेके."

आणि मग फक्त खोडरबरांचा आवाज.
सोळा कागदांवरचे सोळा नान पुसले जातात.
कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही.
सात वर्षांची असताना
याच कारणासाठी आईची चापट खाल्ली आहे.
पण बिश्केकला कॉलेजात पाच वर्षं
आम्ही जो पाव काढला तो प्लास्टरचा होता.
कसाही ठेवा. धूळ झटका, कपाटात टाका.

बाकांमधून फिरते.
बेक्तेमिरने सफरचंदं काढलीच नाहीत.
पान भरून एकटी किटली,
आणि तिच्या फुगीर पोटात
वाकलेली खिडकी, घेवड्याच्या दाण्यांएवढी डोकी,
मधोमध मी : हात गुडघ्यांखाली पोचलेला,
तोंड तोटीकडे ओढलेलं.
टेबलावर आहे तेवढंच काढायचं होतं ना?
"टेबलावरच आहे," तो म्हणतो. "या, इथून बघा."

त्याच्या बाकावर बसते. गुडघे मावत नाहीत.
एक डोळा मिटते.

घंटा होते. किटली परत द्यायची असते.
नान मोडतो, कुणाचा तुकडा लहान, कुणाचा मोठा,
सगळ्यांवर शिशाची काळी बोटं.
नासकं सफरचंद
उद्याच्या वर्गासाठी तसंच ठेवते.