नऊचा फरक

सियागंजात, हिंगाच्या पेढीवर, पहिल्या दिवशी
भेरूलालजी मुनीम म्हणाले, "बेटी, सात लिखके बताओ."
मी लिहिला.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला:
"ये एक भी हो सकता है.
जिस दिन हुआ, सेठ के छह गए."
दुपारच्या चहापर्यंत मी सातच लिहीत राहिले
लाल कापडी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर,
शिंका आवरत.

बारावीची गुणपत्रिका पिशवीतच राहिली.
कुणी मागितली नाही.
कॉलेजचा फॉर्म मी भरला होता, फोटोही चिकटवला होता;
फीचे पैसे दादाच्या पॉलिटेक्निकला गेले.
घरात त्याची नोंद कुठल्याच खात्यात झाली नाही.
नावे कुणाच्या, जमा कुणाकडे,
आई पोळ्या लाटत राहिली.

बाबा कीर्द म्हणत, मुनीमजी रोकड;
मी दोन्ही भाषांत चुकत चुकत शिकले.
दिवाळीच्या आधी तेरीज जुळेना.
नऊशेचा फरक. तीन रात्री.
बल्बभोवती पाखरं, जिऱ्याची पोती, आणि मी.
चौथ्या दिवशी मुनीमजींनी बोटांवर भागून पाहिलं:
"नौ से कट रहा है ना?
तो रकम कहीं गई नहीं.
दो आँकड़े पड़ोसी हैं, जगह बदल के बैठे हैं."
सापडलेच. होते चोपन्नशे साठ,
मी पंचेचाळीसशे साठ लिहून बसले होते.

त्या रात्री रामबागेपर्यंत चालत आले
आणि जिन्यात दादाच्या चपला पाहून
उगीच थांबले.

मुनीमजी गेले. सेठचा मुलगा कॉम्प्युटर घेऊन आला.
टॅली शिकवणारा पोरगा माझ्याहून दहा वर्षांनी लहान,
तो मला मौसीजी म्हणायचा, मी त्याला सर.
मग जीएसटी.
त्या जुलैत पदवीवाले नि बिनपदवीचे
सगळे एकाच इयत्तेत बसलो.
पोर्टल रात्री अडीचला चालायचं,
मी गजर लावून अडीचला उठायचे.
हिंगाचा कोड वेगळा, पापडाचा वेगळा.
सेठ विचारायचे, "और हमारा कोड क्या है, कुंदाबाई?"

आता जेल रोडवर माझी एक खोली आहे.
पाटीवर नाव आहे: कुंदा टाकळकर.
पेंटरने विचारलं होतं, "आगे क्या लिखूँ, मैडम?"
मी नुसती मान हलवली.
त्याने सवयीने चार बोटं जागा सोडली होती,
ती तशीच आहे.
ऑडिटवर सही कोठारीसाहेबांची.
नियमच आहे तो, माझी तक्रार नाही.
नोटीस आली की फोन मात्र मला येतो.

जुलैत दादा फॉर्म सोळा घेऊन येतो.
पॉलिटेक्निक त्याने दुसऱ्याच वर्षी सोडलं.
खुर्चीच्या काठावर बसतो, पंख्याकडे बघतो.
मी त्याचं रिटर्न भरते. फी घेत नाही.
लिहूनही ठेवत नाही.
माझ्या खोलीत न लिहिलेली
ही एवढीच एक रक्कम.

परवा खजराण्याहून निकहत आली,
प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बारावी.
बसण्याआधीच म्हणाली, "आगे नहीं पढ़ पाई."
मी कोरा कागद सरकवला: "सात लिखके बताओ."
ती कागदाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.
"मैडम, कम्प्यूटर में तो सात सात ही आता है."

मला हसू फुटलं, इतकं
की खालचा चहावाला जिना चढून डोकावला.
खरंय गं.
खुर्ची ओढ, म्हटलं, इकडे ये,
मार्चचं बँकेचं खातं जुळत नाहीये माझं.
बघ बरं,
फरकाला नऊने भाग जातो का.